पोस्टरखालची पट्टी

माझ्याकडे ऑर्केस्ट्राची त्रेचाळीस जुनी पोस्टरं आहेत. सगळी लॅमिनेशन केलेली, सगळी एका उंचीची, आणि सगळी बिनकामाची. ती बिनकामाची मी केली. न शिकलेल्या माणसाच्या हातून हे झालं नसतं, म्हणून जास्त लागतं.

आमच्याकडे भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे गावाची जत्रा. धान कापून झालेलं असतं किंवा व्हायला आलेलं असतं, माणसं जराशी मोकळी असतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, असं महिना-दीड महिना चालतं. दिवसा दुकानं आणि पाळणे, अंधार पडला की कार्यक्रम. कुठे दंडार, कुठे नाटक, कुठे कव्वालीचा सामना, आणि जरा ऐपतीच्या गावात ऑर्केस्ट्रा. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सोयरिकी जुळतात. ज्या गावाची मंडई नाही त्या गावाला आमच्याकडे कोणी गाव म्हणत नाही.

ऑर्केस्ट्राची पोस्टरं छापून यायची नागपूरहून. वर गोल-गोल चौकटींत गायिकांचे फोटो, चमकीची साडी, हातात माइक. मधोमध ढोल-ड्रम घेतलेला झिपऱ्या माणूस. अक्षरं गुलाबी, हिरवी, एकमेकांच्या अंगावर पडलेली. आणि खाली वीतभर पांढरी पट्टी कोरी सोडलेली. कारण पोस्टर एकच, गावं पन्नास. ज्या गावाने कार्यक्रम ठरवला त्याचं मंडळ पोस्टरांचा गठ्ठा घेऊन यायचं आणि त्या कोऱ्या पट्टीवर गावाचं नाव, तारीख, वार, जागा हाताने लिहून घ्यायचं.

१९९९ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गावाहून सायकलने कोहमाऱ्याला यायचो, सायकल एका ढाब्याच्या मागे लावायचो आणि गोंदियाची बस धरायचो. त्या ढाब्याची मागची भिंत म्हणजे पोस्टरांची ठरलेली जागा. बस कधी वेळेवर आली नाही, त्यामुळे त्या भिंतीसमोर उभं राहण्यात माझं कॉलेजचं निम्मं शिक्षण गेलं असेल. एका सकाळी, कार्यक्रम होऊन गेलेल्या एका गावाचं पोस्टर दवाने ओलं झालं होतं. मैद्याची खळ सुटली होती. मी कोपऱ्याला अंगठा लावला आणि पोस्टर अख्खं हातात आलं. ते पहिलं.

वर्गातली पोरं हसायची. "काय बे, बायांचे फोटो जमवते म्हणते हा?"

"जमवतो. तुझ्या घरी आहेत का? देजो."

मी असाच बोलायचो. आमच्या घराण्यातला कॉलेजात गेलेला मी पहिला माणूस, आणि पहिल्या माणसाने मान खाली घातली तर मागच्यांनी काय करायचं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आता बाबांचं सांगतो. आजूबाजूच्या सात-आठ गावांच्या पट्ट्या माझे वडील लिहायचे. आमची थोडीशी धानाची शेती होती, ते शेतकरीच. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मंडळांचे पोट्टे गठ्ठे घेऊन ओसरीत यायला लागले की शेत आईवर पडायचं. बाबा शिंदीची काडी ठेचून तिचा ब्रश करायचे. दुकानातली नीळ आणि धावड्याचा डिंक एका मातीच्या बोळक्यात कालवायचे. पोस्टर जमिनीवर पसरायचे, वरच्या फोटोंवर खांद्यावरचा जुना दुपट्टा टाकायचे, म्हणजे शिंतोडा उडू नये, आणि उकिडवे बसून लिहायचे. शाळा दुसरीपर्यंत. वाचायला लागले तर एकेक अक्षर लावत वाचायचे. पण मंडळाने चिठ्ठीवर लिहून दिलेलं गावाचं नाव त्या काडीने पांढऱ्या पट्टीवर उतरायला लागलं की पोट्टे गप्प बसायचे. मोबदला म्हणून नारळ आणि पुढच्या रांगेत बसायचा मान. बाबा पुढच्या रांगेत बसायचे आणि तिसऱ्या गाण्याला झोपायचे.

मी पोस्टर जमवतो हे कळल्यावर त्यांनी एकच अट घातली. "कार्यक्रम झाल्याबिगर हात नाही लावायचा. झाल्यावर कायबी कर."

त्यांना त्या पट्टीची फार काळजी. एका वर्षी एका गावाने ऐनवेळी मंडई दोन दिवस पुढे ढकलली आणि पोस्टरांवर चिकटवायला नव्या तारखेच्या चिठ्ठ्या काही काढल्या नाहीत. म्हणाले, आसपास बोंब होईलच. बाबा सकाळी बोळकं आणि काडी घेऊन निघाले. सडक अर्जुनीपर्यंत जिथे जिथे ती पोस्टरं लागली होती, तिथे तिथे जाऊन त्यांनी उभ्याने तारखा बदलल्या. परत आले तेव्हा दुपट्टा निळा झाला होता. आई म्हणाली, "तुमाले कोणं सांगतलं होतं?"

"कोणाची पोरगी लहान लेकरू घेऊन बसमधून उतरंल, अन गावात काहीच नाही. मंग शिव्या कोणाले देईल?"

"मंडळाले देईल."

"पट्टी म्या लिवली हाये."

मी तेव्हा घरात होतो. मला गंमत वाटली होती, दुसरं काही नाही.

बी.ए. झालो. आमच्या गावात नाही, आमच्या कुळात पहिला. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी गावात पेढे वाटले नाहीत, शेव वाटली, कारण पेढे लहान पोरं एकाच घासात संपवतात म्हणाले. पदवीचा कागद मिळाल्यावर मी गोंदियाला जाऊन तो लॅमिनेट करून घेतला. त्या वेळी आम्ही सगळेच करायचो. जातीचा दाखला, मार्कलिस्ट, सातबारा, जे जे मोलाचं ते प्लास्टिकमध्ये. प्लास्टिकमध्ये गेलं की ते कायमचं झालं, असं. तो कागद देवळीवरच्या खिळ्याला टांगला, आणि बाबा येता-जाता तो दुपट्ट्याने पुसायचे. पुढे मी ग्रंथालयाचा कोर्स केला आणि गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथालयात लागलो. जवळच कुडव्याला दोन खोल्या घेतल्या. पोस्टरांची पेटी माझ्यासोबत आली.

ग्रंथालयात काम करून माणसाला एक रोग लागतो. वस्तू सरळ, स्वच्छ, एका मापाच्या दिसल्या पाहिजेत. पेटीतली पोस्टरं तशी नव्हती. निळीचा रंग वाळून भुगा व्हायचा आणि खालच्या पोस्टरावरच्या गायिकेच्या गालाला लागायचा. डिंकामुळे दोन-दोन पोस्टरं चिकटायची.

मग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये प्राचार्यांनी सांगितलं म्हणून मी दहा-बारा पोस्टरं भिंतीवर लावली. लोकांनी पाहिली. आमच्याच स्टाफमधला एक जण, चांगल्या घरचा, वडील वकील, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे यार, चीज बढिया है. पण हे खाली काय लिहून ठेवलंय? बैलगाडीच्या मागे लिहितात तसं. किसने लिखा है?"

मी म्हणालो, "असंच, गावातल्या लोकांनी."

तो हसला. मीही हसलो. ते मी पुढे बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

त्याच गॅदरिंगला आलेल्या एका पाहुण्याने नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेला माझा नंबर दिला. त्या बाई जुन्या कार्यक्रमांची पोस्टरं जमवायच्या. ऑर्केस्ट्रा, कव्वाली, सगळं. फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे चाळीसच्या वर आहेत असं ऐकलं. संक्रांतीनंतर येऊ का बघायला? पसंत पडलं तर मला त्यांचं एक छोटं पुस्तक करायचंय." मी फोन ठेवला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुस्तक. कोहमाऱ्याच्या भिंतीवरचं.

आता एवढी मोठी बाई येणार आणि मी पेटी उघडून निळा भुगा दाखवणार? मी पदवीचा कागद केला होता तेच केलं. रविवारी सगळी पोस्टरं गुंडाळली, गाडीवर मागे बांधली आणि गोंदियाच्या बाजारात लॅमिनेशनवाल्याकडे गेलो. त्याने एक पोस्टर उलगडलं, खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं, बोट निळं झालं.

"भैया, ये नहीं चलेगा. गोंद है इसमें. गरम रोलर पे चिपक जाएगा. नीचे का पट्टा काट दो, ऊपर का मस्त निकलेगा."

मी विचार करायला किती वेळ घेतला असेल? एवढं लिहायला लागला त्यापेक्षा कमीच. उलट बरं वाटलं. मशीनच म्हणतेय म्हटल्यावर माझ्यावर काही येत नव्हतं. त्याने लोखंडी पट्टी ठेवली आणि कटर ओढला. एकेक गाव खाली पडत गेलं. मी मोजत नव्हतो, मी वरचे फोटो किती चकचकीत येताहेत ते पाहत होतो. शेवटी त्याने पायाजवळच्या ढिगाकडे बोट केलं. "ये ले जाओगे?"

"नको. फेका."

त्याच आठवड्यात बाबा मोतीबिंदू दाखवायला कुडव्याला आले. मी मोठ्या हौसेने पोस्टरं पलंगावर मांडली. एका डोळ्याने त्यांना अजून बरं दिसत होतं. त्यांनी एक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, वाकवून पाहिलं.

"काचेवानी करून टाकलं गा."

"आता शंभर वर्षं काही होत नाही याला."

त्यांनी खालच्या कडेवरून अंगठा नेला. दुसरं घेतलं. त्याच्याही खालच्या कडेवरून नेला.

"खालचं कुठी गेलं?"

"कापलं. मशीनमध्ये जात नव्हतं."

त्यांनी दोन्ही पोस्टरं पलंगावर परत ठेवली. मग म्हणाले, "बरं केलं. गावाचं नाव लोक यावे म्हणून होतं. आता कोणाले यायचं हाये?"

मी ते शब्दशः घेतलं. मला वाटलं, पटलं त्यांना.

बाई आल्या. सत्तरीच्या आत-बाहेर, सुती साडी, खांद्याला शबनम. बाबा दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. ते अंग चोरून सरकले आणि बाई आत आल्या. मी पोस्टरं दिली. पहिली चार-पाच त्यांनी भराभर पाहिली. मग हळू झाल्या. मग एक उलटं करून मागून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"याला खाली कोरी जागा असते ना? गाव-तारखेची?"

"होती. काढून टाकली, मॅडम. रंगाचा भुगा पडत होता, सगळं खराब दिसायचं. आता कसं, सगळी एका मापाची झाली."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. अजून अर्धा होता.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"हे बघा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "हे माझ्याकडे आहे. हेही आहे. हे तर मला छापखान्यातून कोरं मिळालं, न वापरलेलं. वरचं चित्र सगळीकडे एकच. हे पोस्टर कुठल्या गावात लागलं, कुठल्या दिवशी, कोणी बोलावलं, ते फक्त त्या पट्टीवर असतं. मी गावं बघायला आले होते." मग त्यांनी मला विचारलं, "त्या पट्ट्या ठेवल्यात का कुठे?"

"नाही."

"लिहायचं कोण, ते तरी माहीत आहे का? काही गावांत एकेक माणूस असायचा म्हणतात. एखादा भेटला असता तर मी आधी त्याचं पान केलं असतं."

दाराशी शेंगांचा आवाज थांबला होता.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं ते मी खूपदा आठवून पाहिलं आहे. 'हे बसलेत ते' एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचं आलं असतं: म्हणजे तुम्ही वडिलांच्या हातचं कापून फेकलं? मी एवढा शिकलेला माणूस, ग्रंथालयात बसणारा, त्या बाईसमोर हे कसं कबूल करणार होतो? आधी मला वाटायचं, मी माझी चूक लपवली. आता वाटतं, थोडी बाबांचीही लाज होती. बैलगाडीच्या मागे लिहितात तसं, हे वाक्य मी बाहेर टाकलं नव्हतं, आत ठेवून घेतलं होतं.

"होता एक जण गावात," मी म्हणालो. "आता नाही लिहीत."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं, आभार मानले आणि म्हणाल्या, पट्टीसकट एखादं सापडलं तर अवश्य कळवा, एक सापडलं तरी मी पुन्हा येईन. त्या गेल्यावर बाबांनी शेंगांचं सूप आत आणून ठेवलं.

"काय म्हणत होती बाई?"

"चांगली आहेत म्हणाली."

"हो गा," ते म्हणाले.

एवढंच. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आमच्या त्या दोन खोल्यांत कोणी कोणापासून काही लपवू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसने गावी गेले, डोळ्याची तारीख पुढच्या आठवड्यातली असताना.

त्यानंतर मी शोधायला लागलो. सुटीच्या दिवशी गाडी काढायची आणि बाबांनी ज्या ज्या गावांची पट्टी लिहिली होती तिथे जायचं. कोहमाऱ्याच्या ढाब्याची मागची भिंत रस्ता रुंद करताना गेली होती. एका गावच्या समाजमंदिराच्या भिंतीवर पोस्टरावर पोस्टर असा दोन बोटं जाडीचा थर होता. ओलं पोतं लावून अर्धा दिवस ठेवलं, तर सगळा एकत्र लगदा होऊन खाली आला. लोकांनी जुनी पोस्टरं कशाकशाला वापरली होती, ते पाहून मी थक्क झालो. पोरांच्या पुस्तकांना कव्हर, फडताळात भांड्यांखाली, धानाच्या कोठीच्या तळाला. पण जिथे तिथे रंगीत भाग ठेवलेला आणि पट्टी फाडलेली. म्हणजे माझ्यासारखे बरेच होते. त्याने काही माझं समाधान झालं नाही.

तोपर्यंत फ्लेक्स आला. मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो, उपाध्यक्षाचा फोटो, कोपऱ्यात ऑर्केस्ट्रा. तारीखही त्यातच छापलेली. बाबांकडे गठ्ठे यायचे बंद झाले. कोणी येऊन सांगितलं नाही की आता नको. एका दिवाळीला दोन गावं आली, पुढच्या दिवाळीला कोणी आलं नाही. त्यांनी शिंदीच्या काड्या ठेचून ठेवल्या होत्या. आईने त्या काड्यांनी चूल पेटवली.

दहा सालच्या पुढेमागे, शोधायला लागल्याच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी, मला एक सापडलं. महामार्गापासून आत एका गावात, एका घरातल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. पूर्ण. वर त्या चौकटीतल्या गायिका आणि खाली निळ्या अक्षरात गाव, तारीख, शाळेचं पटांगण. घरची मावशी साठीची असेल. मी म्हणालो, "मावशी, हे मला द्या. म्हणाल ते देतो."

"नाही बाप्पा. याच मंडईत आमच्या पोरीचं जुळलं. कपाट ने म्हणशील तरी नाही देणार."

"माझ्या वडिलांनी लिहिलंय ते."

"असं? मंग आण त्यायले. आमी का पळून चाललो?"

पुढच्या रविवारी मी बाबांना गाडीवर बसवून नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याने धुरकट दिसायचं. रस्त्याने मी सारखा बोलत होतो. बाईंना फोन करणार, त्या येतील, या घरी तुम्हाला बसवून फोटो काढू, पुस्तकात पान होईल. मागून काही उत्तर येत नव्हतं. वाऱ्याने ऐकू येत नसेल असं मी समजलो.

मावशीने कपाट उघडलं. बाबा जवळ गेले. पट्टीवर बोट न टेकवता, बोटभर अंतरावरून त्यांनी एकेक अक्षर मागून पुढे नेलं, जसं लिहिताना नेतात. गावाच्या नावाशी थांबले. तारखेशी पुन्हा थांबले.

"हा माहा हात नोहोय गा."

मी म्हणालो, "नीट पाहा. निळीचाच रंग आहे."

"नीळ सगळेच वापरत. हा कोणी दुसरा हाये. हा डाव्या अंगाने काडी ओढते. पाय पाह्य त्याचे, अक्षराचे. मी असे पाय नाही सोडत." मग मावशीकडे वळून म्हणाले, "पण लिवलं चांगलं हाये. हात साफ हाये गड्याचा."

मावशीला हसू आवरेना. "एवढा शिकलेला तुमचा पोरगा, न बापाचा हात नाही ओळखत?"

"त्यानं वरतेच फोटो पाह्यले ना," बाबा म्हणाले. आणि तेही हसले. माझी बाजू घेऊन हसले.

मी सात-आठ वर्षं ती पोस्टरं जमवली. पेटीत घातली, काढली, पुसली, भिंतीवर लावली. पट्टीवरचा भुगा फुंकला. आणि निळ्या रंगात जे जे लिहिलेलं ते मला बाबांचंच वाटत होतं. म्हणजे मी कधी वाचलंच नव्हतं. आणि मी फेकलेल्या त्रेचाळीस पट्ट्यांतल्या बाबांच्या किती आणि दुसऱ्यांच्या किती, हेही आता कोणी सांगू शकत नाही. कोणी विचारलंच तर मी काय सांगणार आहे?

घरी आल्यावर मी बाजारातून नीळ आणली, डिंक आणला. शिंदीची काडी मीच ठेचली, जमेल तशी. पांढरा जाड कागद त्यांच्यापुढे पसरला. ओसरीत, त्यांच्या जुन्या जागी.

"काय लिवू?"

"आपल्या गावाचं नाव लिहा. अन तारीख."

"कोणती तारीख?"

"कोणतीही."

"मंडई कवा हाये?"

"मंडई नाही बाबा. असंच. मला ठेवायला. तुमचा हात राहावा म्हणून."

त्यांनी काडी बोळक्यात बुडवली, कडेला निथळवली, कागदावर आणली आणि तशीच धरून ठेवली. एक थेंब पडला. मग काडी परत बोळक्यात ठेवली.

"खोटी तारीख कायले लिवू गा? कोणी पाह्यलं तं येईल ना."

"कोणी नाही पाहणार. घरातच राहील."

"मंग लिवू कायले?"

आई आतून म्हणाली, "लिवून द्या ना, पोरगा एवढा म्हणून राहिला." बाबा म्हणाले, "मंडईची तारीख ठरू दे. मंडळाच्या पोट्ट्याईले पाठवजो. लिवून देईन." ते रागावले नव्हते. उलट चांगल्या सुरात होते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला नाही म्हणत नाहीयेत. मी मंडळाच्या पोरांना सांगून पाहिलं. ती चांगली पोरं आहेत, एक म्हणाला, "काकाजीसाठी करू ना, एक पोस्टर हाताने करू." पण त्या वर्षीची मंडई ठरायच्या आत, धान कापणीच्या दिवसांत बाबा गेले.

त्यांच्या हाताचं काही घरात राहिलं नाही. भिंतीवर त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिलं असतं तरी आई दर दिवाळीला पोतारा मारते. कागदोपत्री बॉलपेनची सही आहे. थरथरती, बँकेतल्या बाबूसमोर घाबरत केलेली. ती त्या हाताची नव्हे. उरलेली गावंही मी पाहून आलो. काही नाही.

बाईंना मी फोन केला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. आधी कार्यक्रमांचं, पोस्टरांचं बोललो. मग सांगितलं की पट्ट्या लिहिणारे माझे वडील होते, आणि तुम्ही आलात त्या दिवशी ते दारात बसले होते.

"मग तुम्ही तेव्हा..." असं म्हणून त्या थांबल्या. पुढचं विचारलं नाही. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं. मग म्हणाल्या, मी एक कागद पाठवते, तो भरून द्या. पुस्तकात लिहिणाऱ्यांची यादी करते आहे. मला आजवर सहा जण मिळाले, तुमचे वडील सातवे होतील.

कागद टपालाने आला. छापील नव्हता, त्यांनी हाताने रेघा मारून केला होता. नाव, गाव, शिक्षण, कोणत्या गावांसाठी लिहिलं, लिहायची पद्धत. मी सगळं भरलं. शिंदीची काडी, नीळ, धावड्याचा डिंक. शिक्षणाच्या पुढे दुसरी लिहिलं आणि ते लपवलं नाही. सात-आठ गावांची नावं लिहिली, एक आईने आठवून दिलं. तारीख बदलायला सडक अर्जुनीपर्यंत गेले होते, तेही समासात लिहिलं.

शेवटचा रकाना होता: हस्ताक्षराचा नमुना, मूळ किंवा छायाचित्र.

तिथे मी लिहिलं, उपलब्ध नाही. आणि त्याच्याखाली, तिथे जागा नव्हती तरी बारीक अक्षरात लिहिलं, की नमुने होते, ते मुलाने कापून टाकले. मग सही केली. नेहमी मी नावापुढे बी.ए. लिहितो. त्या कागदावर नाही लिहिलं.